छोट्या रेल्वेचं यार्ड चालवणारा प्रोग्रॅम: कागदी चिठ्ठीपासून छापील शंटिंग यादीपर्यंत

गाडी नुसती गोल फिरवण्याची मजा पंधरा दिवस टिकते. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात गाड्यांवरची नजर न हलवता तासभर उभी राहणारी मुलं मी पाहिली आहेत, मीही त्यातलाच. पण घरी, पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेल्या पावणेदोन मीटरच्या फळीवर, तेवढ्यावर भागत नाही. गाडीला काम लागतं. कुठली वाघीण (मालगाडीचा डबा) कुठून उचलायची, कुठे सोडायची, कुठली आज तशीच उभी ठेवायची, हे ठरलं की त्याच फळीवर रोज नवा खेळ होतो. या छंदात त्याला ऑपरेशन म्हणतात, आणि ते ठरवून देणारा छोटा प्रोग्रॅम कसा लिहायचा ते इथे सांगतो. पायथॉन जुजबी येत असेल तरी पुरे.

तयार साधन आहे, हे आधी सांगतो. जेएमआरआय हा जावामध्ये लिहिलेला मुक्त प्रोग्रॅम जगभरचे छंदिष्ट वापरतात, आणि त्यात ऑपरेशनचा अख्खा विभाग आहे. खोलीभर लेआउट (रुळांची मांडणी) आणि शंभरेक वाघिणी असतील तर तोच घ्या. पण आठ-दहा वाघिणींच्या फळीसाठी, मराठीत छापील यादी हवी असेल तर, आणि यार्ड आतून कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल तर स्वतः लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

आधी कागद

पहिले दोन आठवडे कोड लिहू नका. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत डग स्मिथ यांनी मांडलेली कार्ड आणि वेबिलची पद्धत आजही वापरात आहे, आणि ती हाताने खेळून पाहिल्याशिवाय प्रोग्रॅमला काय करायचंय ते कळत नाही. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करायचं, खाली छोटा खिसा. त्या खिशात वेबिल नावाची चिठ्ठी. चिठ्ठीवर चार टप्पे: रिकामी वाघीण अमुक साइडिंगला (माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळाला) न्या, तिथून भरून तमुक ठिकाणी, तिथे रिकामी झाली की तिसरीकडे, मग पुन्हा यार्डात. एक टप्पा पुरा झाला की चिठ्ठी फिरवायची किंवा उलटायची, पुढचा टप्पा वर येतो. एवढंच.

हाताने खेळताना वहीत एक गोष्ट लिहीत जा: कुठे अडलो. साइडिंग भरलं होतं, हवी ती वाघीण सगळ्यांच्या मागे होती, इंजिन चुकीच्या टोकाला होतं. हीच यादी पुढे तुमच्या प्रोग्रॅमचे नियम होते.

पहिला प्रोग्रॅम: इंगलनूक

सुरुवात छोट्या कोड्याने करा. अ‍ॅलन राइट या इंग्लिश छंदिष्टाने तयार केलेला इंगलनूक हा आराखडा असा: तीन रूळ, एकावर ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर ३-३. ज्या तोंडाच्या रुळावर इंजिन मागेपुढे करतं तिथे इंजिन आणि ३ वाघिणी. एकूण ८ वाघिणी. त्यांतल्या ५ चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी लावायची.

पायथॉनच्या रँडम मॉड्यूलमधलं सॅम्पल हे फंक्शन हे काम एका ओळीत करतं: आठांतून पाच, क्रमासकट. शक्यता ८ × ७ × ६ × ५ × ४ म्हणजे ६,७२० होतात, त्यामुळे कोडं जुनं होत नाही. इथेच एक चांगली सवय लावून घ्या. चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी रँडमला बीज म्हणून एक आकडा द्या आणि तो यादीच्या कोपऱ्यात छापा. पुढे कधी यादी विचित्र निघाली, तर तोच आकडा देऊन तीच यादी पुन्हा काढता येते आणि चूक सापडते.

हौस असेल तर प्रोग्रॅमलाच कोडं सोडवायला लावा. रुळांवरची प्रत्येक मांडणी ही एक स्थिती, आणि इंजिनाने काही वाघिणी ओढणं किंवा ढकलणं ही एक चाल. सगळ्या चाली थराथराने तपासत गेलं की सर्वांत कमी चालींचं उत्तर मिळतं. कुठल्या रुळावर किती वाघिणी उभ्या आहेत याचे प्रकार मोजले तर ५३ भरतात (तोंडाच्या रुळावर ० ते ३ धरून). आठ वाघिणींचे क्रम ४०,३२०. गुणाकार २१ लाखांच्या पुढे जातो. पण नको असलेल्या तीन वाघिणी एकमेकींसारख्याच धरल्या, तर हा आकडा सहाव्या हिश्श्यावर, ३,५६,१६० वर येतो. तेवढं साधा लॅपटॉप सहज करतो. मला हा भाग फार आवडतो. नको असलेल्या गोष्टींमध्ये फरक करायचा नाही, एवढ्या एका निर्णयाने काम सहापट हलकं होतं.

फूटपट्टी

आता खरा प्रोग्रॅम. माझ्या फळीवर कऱ्हाड, ताकारी आणि किर्लोस्करवाडी अशी तीन स्टेशनं आहेत. नावं पुणे-मिरज मार्गावरची, साइडिंगं माझ्या कल्पनेतली. आज भारतात माल बहुतेक अख्ख्या रेकने (एकाच ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण गाडीने) जातो, एकेक वाघीण सोडत-घेत जाणारी गाडी जवळजवळ संपली. मी काम जुन्या पद्धतीचं ठेवलंय आणि वाघिणी आजच्या.

प्रत्येक रुळाची क्षमता वाघिणींच्या संख्येत लिहू नका, सेंटिमीटरमध्ये लिहा. एचओ या मॉडेल-मापाचं प्रमाण १:८७. खरी बॉक्सएन (उघडी वाघीण) सुमारे १०.७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १२.३ सेंटिमीटर. बीसीएनए (बंद वाघीण) १४.४५ मीटर, म्हणजे १६.६. तुमच्या ४५ सेंटिमीटरच्या साइडिंगवर तीन बॉक्सएन आरामात उभ्या राहतील, पण बीसीएनए दोनच. ‘क्षमता ३’ असं लिहून ठेवलं तर तिसरी बीसीएनए सांध्यावर (रूळ फुटतात त्या जागी) येऊन थांबेल आणि शेजारचा रूळ बंद होईल. मोजताना सांध्यापासून नव्हे, शेजारच्या रुळावरून गाडी न घासता जाईल त्या जागेपासून मोजा. दर वाघिणीमागे कपलिंगसाठी अर्धा सेंटिमीटर धरा.

तक्ते

चार तक्ते पुरतात. वाघिणी: क्रमांक, प्रकार, लांबी. रूळ: स्टेशन, नाव, वापरता येणारी लांबी, कुठले प्रकार चालतात, सांध्याचं तोंड कुठल्या दिशेला. वेबिलं: वाघिणीचा प्रकार आणि चार टप्पे. आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा, हालचालींचा: अमुक वाघीण, अमुक फेरीत, अमुक रुळावर, कितव्या जागी. वाघीण आत्ता कुठे आहे हे वेगळं साठवू नका. तिची शेवटची हालचाल म्हणजेच तिची जागा. जुनी ओळ कधी खोडायची नाही, नवी जोडायची. चूक झाली तर शेवटच्या ओळी काढल्या की मागची स्थिती जशीच्या तशी परत. पायथॉनसोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस येतोच, वेगळं काही बसवावं लागत नाही.

वाघिणीचा क्रमांक भरताना भारतीय रेल्वेची ११ आकडी पद्धत कामी येते. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि अकरावा तपास अंक. तो असा काढतात:

सम = दुसरा + चौथा + सहावा + आठवा + दहावा
विषम = पहिला + तिसरा + पाचवा + सातवा + नववा
बेरीज = सम × ३ + विषम
तपास अंक = बेरजेच्या पुढच्या दहाच्या पटीतून बेरीज वजा (बेरीज आधीच दहाच्या पटीत असेल तर ०)

३००१०५१२३४ घेऊन बघा. सम आकड्यांची बेरीज १२, तिप्पट ३६. विषम ७. एकूण ४३, पुढची पट ५०, म्हणून तपास अंक ७ आणि पूर्ण क्रमांक ३००१०५१२३४७. एखादा आकडा चुकला की हे लगेच पकडतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडतं, फक्त त्यांत ५ चा फरक असेल तर सुटतं. मॉडेलच्या अंगावरचे बारीक आकडे भिंगातून वाचून टाइप करताना याची किंमत कळते.

मराठीत लिहिताना

हा भाग कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात मिळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

कऱ्हाडचंच घ्या. त्यातला ‘ऱ’ एक कीबोर्ड एकसंध अक्षर म्हणून देतो, दुसरा ‘र’ आणि खाली नुक्ता असा देतो, आणि जुन्या पद्धतीत र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून तसाच आकार तयार होतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, प्रोग्रॅमला तीन वेगळी स्टेशनं. माझ्या लॅपटॉपवर भरलेली वाघीण कऱ्हाडला दिसायची आणि फोनवरून भरलेली दिसायचीच नाही. पहिल्या दोहोंसाठी युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ हे फंक्शन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारं) एनएफसी प्रकारात चालवा. तिसरा प्रकार त्यानेही सुधारत नाही, तो स्वतः शोधून बदलावा लागतो. त्याहून बरं, स्टेशनचं नाव दरवेळी टाइप करायला लावूच नका. यादीतून निवडू द्या.

आकड्यांचंही तसंच. पायथॉनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे सरळ वाचतं, ‘४५’ दिलं की पंचेचाळीस मिळतात. पण वाघिणीचा क्रमांक आपण मजकूर म्हणून साठवतो, तिथे देवनागरी आणि इंग्रजी आकडे वेगळे पडतात. साठवताना एकाच लिपीत आणा, छापताना हव्या त्या. तक्ता सीएसव्हीमध्ये काढून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा, नाहीतर मराठीचा काला होतो. आणि हो, पायथॉन ३ मध्ये चलांची नावंही देवनागरीत चालतात. मी ‘रूळ’, ‘वाघीण’, ‘फेरी’ हीच नावं ठेवली आहेत, आणि सहा महिन्यांनी कोड उघडला तरी वाचताना अडखळत नाही.

यादी कशी बनते

एका फेरीत एक गाडी: कऱ्हाडहून निघते, ताकारी, किर्लोस्करवाडी, आणि परत. प्रोग्रॅमने हे या क्रमाने करायचं.

ज्यांचा आत्ताचा टप्पा पुरा झालाय त्या वाघिणी गोळा करा. साइडिंगला आलेली वाघीण किमान एक फेरी उभी राहिली पाहिजे. भरायला, उतरवायला वेळ लागतोच. ज्या जास्त फेऱ्या खोळंबल्या आहेत त्या आधी, सारख्या खोळंबलेल्यांत चिठ्ठी.

मग एकेक घेऊन विचारा: जिथे जायचंय तिथे जागा आहे का? जागा म्हणजे रुळाची लांबी, वजा तिथे उभ्या असलेल्या, वजा याच फेरीत आधी कबूल केलेल्या, अधिक याच गाडीने तिथून उचलायच्या. ‘आधी कबूल केलेल्या’ हे नवशिके हमखास विसरतात, आणि तीन वाघिणींना एकच रिकामी जागा मिळते. त्यानंतर गाडीची लांबी बघा. वाटेतल्या सगळ्यांत आखूड लूपमध्ये (मुख्य रुळाला दोन्ही टोकांनी जोडलेल्या बाजूच्या रुळात) इंजिन आणि ब्रेकव्हॅन म्हणजे गार्डच्या डब्यासकट मावली पाहिजे. नसेल मावत तर उरलेल्या पुढच्या फेरीला.

आता दिशा. हे मी पहिल्या आवृत्तीत घातलंच नव्हतं. सातवीतली भाची सुट्टीत आली होती, तिच्या हातात यादी दिली. तिने ओळ वाचली, इंजिन सावकाश किर्लोस्करवाडीच्या फाउंड्री साइडिंगमध्ये घातलं, मागे दोन वाघिणी. बंपरला टेकल्यावर थांबली. अंगठा कंट्रोलरच्या चाकावर तसाच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. “मामा, यादीत लिहिलंय तसंच केलं. आता या दोघींना इथे सोडल्यावर इंजिन बाहेर कसं काढू?” काढता येत नव्हतं. त्या सांध्याचं तोंड गाडी येते त्या दिशेला होतं, म्हणून इंजिन आधी आत गेलं आणि त्याची वाट त्याच्याच वाघिणींनी अडवली. तेच साइडिंग परतीच्या गाडीने केलं तर इंजिन सांधा ओलांडून पुढे जातं, मग मागे ढकलत वाघिणी आत सोडतं आणि मोकळं होतं. उपाय सोपा आहे: रुळाच्या तक्त्यात तोंडाची दिशा ठेवा, आणि जाणाऱ्या गाडीला फक्त तिला जमणारी साइडिंगं द्या. स्टेशनात लूप असेल आणि इंजिनाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला येता येत असेल, तरच हा नियम सैल करा.

शेवटी क्रम. यादीत वाघिणी क्रमांकाने लावू नका, रुळावर सांध्याकडून ज्या क्रमाने उभ्या आहेत त्याच क्रमाने लावा. नको असलेली वाघीण मध्ये असेल तर तीही यादीत दाखवा, समोर ‘राहू दे’ असं लिहून. शंटिंग करणाऱ्याला रूळ आणि कागद एकमेकांसारखे दिसले पाहिजेत.

छपाई

यादी कागदावर हवी. हात कंट्रोलरवर आणि नजर रुळांवर असताना फोनचा पडदा उघडत बसणं होत नाही.

मराठीत रकाने सरळ आणायला जागा भरणारी फंक्शनं वापरली की सगळं तिरकं होतं. ‘वाघीण’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, प्रोग्रॅमला पाच चिन्हांचा, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. त्यावर उपाय शोधत बसू नका. यादी एचटीएमएलच्या तक्त्यात काढा आणि ब्राउझरमधून छापा. किराणा दुकानात बिलाला असतो तसा ५८ मिलिमीटर कागदाचा थर्मल प्रिंटर मिळाला तर यादी खिशात मावते आणि खरी वाटते. स्वस्त प्रिंटरना देवनागरी अक्षरं येत नाहीत, म्हणून यादीचं चित्र तयार करून पाठवायचं. अशा बहुतेक प्रिंटरची छपाईची रुंदी ३८४ ठिपके असते, चित्र तेवढंच रुंद करा.

खेळ संपल्यावर

इथे बहुतेक घरगुती प्रोग्रॅम मरतात. ‘फेरी संपली’ हे बटण दाबलं की यादीतलं सगळं झालं असं प्रोग्रॅम धरून चालतो. प्रत्यक्षात कपलिंग सुटलेलं असतं, कुणाला जेवायला हाक आलेली असते, एखादी वाघीण चाक घसरल्यामुळे बाजूला काढलेली असते. पुढच्या यादीत नसलेल्या जागी नसलेली वाघीण येते. दोन-तीन फेऱ्यांत प्रोग्रॅम आणि फळी यांचा संबंध तुटतो, आणि माणूस प्रोग्रॅम बंद करतो, फळी बंद करत नाही.

म्हणून फळीवर जे उभं आहे तेच खरं. यादीच्या प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन ठेवा, झालं असेल तर पेन्सिलीने खूण. बटण दाबल्यावर सगळ्या ओळी समोर याव्यात आणि न झालेली एका टिचकीत काढता यावी. शिवाय एक पडदा असा लिहा: साइडिंग निवडायचं, आणि सांध्याकडून ज्या क्रमाने वाघिणी दिसतात त्या क्रमाने टिचकी मारत जायचं. दहा वाघिणींची अख्खी फळी दोन मिनिटांत जुळली पाहिजे. मी या पडद्यावर बाकी सगळ्या कोडहून जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा.

पाचशे फेऱ्या, रात्रीतून

माणसाने खेळण्याआधी प्रोग्रॅमला स्वतःशीच पाचशे फेऱ्या खेळायला लावा, सगळ्या ओळी पुऱ्या झाल्या असं धरून. दर फेरीनंतर तीन गोष्टी तपासा. प्रत्येक वाघीण बरोबर एकाच जागी आहे का. कुठला रूळ लांबीपेक्षा जास्त भरला का. आणि कुठली वाघीण सलग दहा फेऱ्या हललीच नाही का. तिसरी तपासणी सगळ्यांत उपयोगी. दोन भरलेली साइडिंगं एकमेकांच्या वाघिणी मागत बसली की दोन्ही कायमची गोठतात. त्यातून बाहेर पडायला बहुधा कोड नव्हे, वाघिणी कमी करायला लागतात. इंगलनूकमध्ये ११ जागांना ८ वाघिणी आहेत, म्हणजे जेमतेम पाऊण भरलेलं, आणि तिथे इंजिन हवं तितक्या फेऱ्या मारू शकतं. नेमून दिलेल्या गाडीला तेवढी मोकळीक नसते, म्हणून दोन तृतीयांशच्या वर जाऊ नका.

इंजिनं आणि सांधे संगणकावरून हलवायची इच्छा होईल. होऊ द्या, पण ते काम या प्रोग्रॅमच्या बाहेर ठेवा. आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारी डीसीसी-ईएक्स ही मॉडेल-गाड्या चालवणारी प्रणाली यूएसबीवरून साधे मजकुरी आदेश घेते, जेएमआरआयही बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलतं. यादी करणारा प्रोग्रॅम चालवणाऱ्यापासून वेगळा असला की एक बिघडला तरी संध्याकाळ वाया जात नाही.

दुसऱ्याला देताना

प्रोग्रॅम चालायला लागला की कुणीतरी मागतंच. देताना सोबत परवान्याची फाइल ठेवा, मुक्त परवाना असला तरी. जेएमआरआयच्या बाबतीत याच मुद्द्यावर अमेरिकेत खटला झाला होता, आणि २००८ साली तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने जेकबसन विरुद्ध कात्झर या निकालात म्हटलं की, फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटीही कॉपीराइट कायद्याखाली बजावता येतात. छोट्या रेल्वेच्या छंदातून निघालेला हा निकाल आज सगळं मुक्त सॉफ्टवेअर क्षेत्र वापरतं.

आणि रिकामा प्रोग्रॅम देऊ नका. आठ वाघिणी, तीन रूळ आणि सहा वेबिलं आधीच भरलेली एक नमुना फाइल सोबत द्या, म्हणजे घेणाऱ्याला पाच मिनिटांत पहिली यादी छापता येईल आणि मग तो एकेक ओळ बदलून स्वतःची फळी त्यात बसवेल.